दुखणाईत स्त्री, मातृत्व आणि आपली नीती

संततिनियमनाचा विषय निघाला की आपल्या घरांतले संभाषण बहुधा दोन वाक्यांत आटोपते. कोणी म्हणतो, ख्रिस्तसभेने याबाबत काय ते सांगून ठेवले आहे, आता वाद कशाला? दुसरा म्हणतो, ज्याचे त्याने पाहावे, इतरांनी त्यात डोकावू नये. ही दोन्ही उत्तरे धडधाकट माणसांची आहेत. ज्या जोडप्याला चौथे मूल परवडणार नाही, किंवा ज्याला दोनच मुले पुरेशी वाटतात, त्याच्याविषयीचा वाद आपण पन्नासहून अधिक वर्षे घालीत आलो आहोत आणि पुढेही घालू. तो येथे घालावयाचा नाही. जिचे हृदय, मूत्रपिंड, रक्त वा मेंदू दीर्घकाळ आजारी आहे आणि जिला गर्भ राहणे म्हणजे प्रसंगी मृत्यूशी गाठ आहे, अशा विवाहित स्त्रीने काय करावे? तिच्या बाबतीत तिचा पती, तिचा डॉक्टर, तिचे धर्मगुरू आणि आपण शेजारीपाजारी यांचे कर्तव्य काय? एवढाच प्रश्न घेतला आहे, आणि तो पुरेसा अवघड आहे.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. ते कल्पित आहे, पण त्यातला एकही तपशील दुर्मीळ नाही. मुलगी आठदहा वर्षांची असताना तिचा घसा वरचेवर सुजत असे. पुढे ताप आला, गुडघे आणि घोटे एकामागून एक दुखू लागले. घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला. महिनाभरात सांधे बरे झाले आणि सारे ते विसरून गेले. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराने आपल्याच हृदयाच्या झडपांना इजा केली होती. हा आजार दाटीवाटीच्या वस्तीत, ओल्या खोल्यांत, दवाखाना लांब असलेल्या गावांत अधिक आढळतो. म्हणजे तो मुख्यतः गरिबांचा आहे. वेळीच ओळखला आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवले, तर पुढची हानी पुष्कळ टळते. आपल्या मुलीचा आजार ओळखला गेला नाही. विशीत पोहोचेपर्यंत हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, जिला डॉक्टर मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात, अरुंद होत गेली. तिला एवढेच कळते, की जिना चढताना धाप लागते. लग्न ठरविताना माहेरच्यांनी ही गोष्ट बोलून दाखविली नाही. दाखविली असती तर स्थळ गेले असते.

आता गरोदरपणात काय होते ते पाहा. स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाचे ठोकेही वाढतात. निरोगी हृदय हा भार निमूटपणे पेलते. अरुंद झालेल्या झडपेतून मात्र तेवढे रक्त पुढे सरकत नाही. ते मागे फुप्फुसांत तुंबते, तेथे पाणी साचते, आणि आडवे पडले की जीव घुसमटतो. प्रसूतीनंतर गर्भाशय आक्रसताच रक्ताचा लोंढा पुन्हा हृदयाकडे येतो, म्हणून बाळ जन्मल्यावरही काही दिवस धोका संपत नाही. पेढे वाटून झाल्यावर तिसऱ्या रात्री ओढवलेल्या अशा मृत्यूला घरचे लोक ‘बाळंतवायू’ म्हणतात, किंवा नशीब म्हणतात.

याचा अर्थ हृदयरोग म्हणजे मातृत्व निषिद्ध, असा सरसकट कोणी घेऊ नये. फुग्याच्या साहाय्याने झडप रुंद करून घेतल्यावर असंख्य स्त्रिया सुखरूप माता झाल्या आहेत. त्यांच्या बाबतीत प्रश्न फक्त ‘आधी उपचार, मग मूल’ एवढ्या क्रमाचा असतो. पण त्या एक-दोन वर्षांचा अवधी मिळणे हेच मोलाचे असते. शिवाय काही अवस्था अशा आहेत की तेथे वैद्यकशास्त्र गर्भधारणा टाळाच असे सांगते. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील उच्च दाब ही त्यांतली सर्वांत भयंकर. विसाव्या शतकातील नोंदींत अशा मातांपैकी शंभरात तीस ते पन्नास दगावत. उपचार सुधारले तसे हे प्रमाण खाली आले, तरी आजही त्या स्त्रीला कोणी प्रामाणिक डॉक्टर अभय देऊ शकत नाही. तीव्र अरुंद झालेली मायट्रल झडप, अत्यंत दुर्बळ झालेले हृदय, आधीच्या बाळंतपणात हृदयाचे स्नायू निकामी होऊन ते पुरते न सावरलेली स्त्री, याही त्याच पंक्तीतल्या.

इतर दुखण्यांत गुंतागुंत निराळी असते. कृत्रिम झडप बसविलेल्या स्त्रीला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी घ्यावी लागते. तीच गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला विकृत करू शकते, आणि ती थांबविली तर झडपेवर गुठळी होऊन आई जाऊ शकते. आकडीच्या रुग्णाला दिले जाणारे व्हॅलप्रोएट गर्भाच्या मज्जारज्जूला व बुद्धीला अपाय करते. मधुमेह आटोक्यात नसताना राहिलेल्या गर्भात जन्मजात व्यंगांची शक्यता वाढते. ल्युपस हा आजार निदान सहा महिने शांत राहिल्यावरच गर्भधारणेचा विचार करावा, असे त्यातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ‘आत्ता नको’ हे सांगण्याची पाळी अनेक दुखण्यांत येते. ‘कधीच नको’ असे काहींत.

येथे एक चमत्कारिक विसंगती उभी राहते. ज्या स्त्रीला गर्भ टाळण्याची निकड सर्वांत अधिक, तिला त्याचे साधन मिळणे सर्वांत कठीण असते. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी संयुक्त गोळी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढविते. रोगट झडप, अनियंत्रित रक्तदाब, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी वा ल्युपसमधील काही द्रव्ये रक्तात असणाऱ्या स्त्रीला ती घातक ठरू शकते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि आकडीवरची काही औषधे या गोळीचा प्रभावच घटवितात. बाई विश्वासाने गोळी घेत राहते आणि गर्भ राहतो. शस्त्रक्रियेला भूल द्यावी लागते, आणि शिबिरातले डॉक्टर हृदयरोगी स्त्रीला हात लावायला साहजिकच कचरतात. तांबी बसविता येते, पण तिच्यासाठी ती जागा रुग्णालय असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये प्रथम एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या आजारात कोणते साधन निर्धोक आणि कोणते वर्ज्य, हे तिच्यात चार श्रेणींत मांडले आहे, आणि तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या आहेत. ज्ञान उपलब्ध आहे, परंतु ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही. हृदयतज्ज्ञ झडपेचे मोजमाप करतो. ‘बाई, तुमचा मूल होऊ देण्याचा काय विचार आहे?’ हे तो विचारीत नाही, ते स्त्रीरोगतज्ज्ञाचे काम असे त्याला वाटते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ती पोहोचते तेव्हा चौथा महिना लागलेला असतो. आणि मधल्या काळात कोणी विचारले तरी, सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर ती काय सांगणार?

आता आपल्या श्रद्धेकडे वळू. ख्रिस्तसभेची शिकवण सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. ती जशी आहे तशी मांडणे हा तिचा आदर आहे. बाराव्या पायस यांनी २९ ऑक्टोबर १९५१ रोजी इटलीतील सुइणींपुढे केलेल्या भाषणात गंभीर कारण असल्यास स्त्रीच्या अगर्भकाळाचा आधार घेण्यास मान्यता दिली, आणि त्या कारणांत वैद्यकीय कारणांचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे आजारी स्त्रीने मूल टाळू इच्छिणे यात पाप नाही, हे तेव्हापासून निःसंदिग्ध आहे. प्रश्न राहतो तो साधनाचा. तेविसाव्या जॉन यांनी १९६३ मध्ये एक आयोग नेमला आणि सहाव्या पॉल यांनी तो वाढविला. त्याच्या धर्माध्यक्ष सदस्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचेही नाव होते. १९६६ मध्ये आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने गेले. परंतु पोपमहोदयांनी ते मत स्वीकारले नाही, आणि २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकात कृत्रिम साधनांना नकार कायम ठेवला. नैसर्गिक पद्धतीला मुभा दिली. त्याचबरोबर एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: एखादा आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार वंध्यत्व आणीत असला, तरी ते वंध्यत्व हेतुपुरस्सर साधलेले नसल्यास तो उपचार ग्राह्य आहे.

या तरतुदीची कसोटी घ्यायची तर एका वॉर्डातल्या दोन खाटा कल्पाव्यात. पहिल्या खाटेवर कृत्रिम झडप असलेली स्त्री आहे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीमुळे तिची पाळी इतकी अंगावर जाते की ती पांढरीफटक पडली आहे. तिचा रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी डॉक्टर संप्रेरकाचा उपचार देतात आणि त्या काळात तिला गर्भ राहत नाही. आपली नीती या उपचाराला हरकत घेत नाही. दुसऱ्या खाटेवरच्या स्त्रीची पाळी नियमित आहे. तिचे हृदय मात्र असे झाले आहे की पुढचे गरोदरपण ती बहुधा पार करणार नाही. तिला तेच औषध, त्याच मात्रेत द्यायचे तर आपली नीती थांबते, कारण येथे औषध रोगावर चालत नाही, गर्भधारणेवर चालते. श्रद्धा-सिद्धांत मंडळाने १९९३ मध्ये अशाच धर्तीच्या प्रश्नाला लेखी उत्तर दिले होते. प्रसूतीत इजा झालेले गर्भाशय आज, या क्षणी मातेच्या जिवाला धोका असेल, तर ते काढावे. धोका जर पुढे होऊ शकणाऱ्या गर्भधारणेतूनच संभवत असेल, तर गर्भाशय काढणे किंवा गर्भनलिका बांधणे हे थेट वंध्यीकरण ठरते आणि म्हणून ते ग्राह्य नाही. २०१८ मध्ये त्याच मंडळाने आणखी एक दार किलकिले केले. गर्भाशय असे झाले असेल की कोणताही गर्भ त्यात जगण्याइतका वाढूच शकणार नाही, तर ते काढणे वंध्यीकरणात मोडत नाही. पण दुसऱ्या खाटेवरच्या स्त्रीला त्याचा उपयोग नाही. तिचे गर्भाशय उत्तम आहे. मूल वाढेल, आई राहणार नाही.

या भेदाची अनेकजण शब्दच्छल म्हणून टवाळी करतात. ती टवाळी मला उथळ वाटते. त्यामागे एक गंभीर विचार आहे. चांगला हेतू कोणत्याही साधनाला चांगले करीत नाही, हे आपण इतर सर्व क्षेत्रांत मान्य करतो. मानवी देह हे दुरुस्त करण्याचे, बंद-चालू करण्याचे यंत्र आहे अशी समजूत रुजली की ती कोठवर जाते, हे या देशाने पाहिले आहे. १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ माणसांना धाकाने वा आमिषाने आणले गेले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर परिसरात झालेल्या शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया मरण पावल्या. त्या सर्व गरीब होत्या. सरकारच्या हाती हे साधन शस्त्रासारखे पडेल, अशी भीती ‘ह्युमाने व्हिटे’ने आणीबाणीच्या कितीतरी आधी बोलून दाखविली होती. म्हणून हा नकार जुनाट हटवादातून आलेला आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही दुसऱ्या खाटेवरची स्त्री तेथेच आहे, आणि तिला आपण काय सांगतो? नैसर्गिक पद्धत. ऑस्ट्रेलियातील जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने घडविलेली पद्धत आपल्याकडे धर्मभगिनींनी आणि प्रापंचिक जोडप्यांनी मोठ्या निष्ठेने शिकविली. कोलकात्यात मदर तेरेसांच्या भगिनींनीही नैसर्गिक पद्धत झोपडपट्टीतल्या स्त्रियांपर्यंत नेली. तिचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पतीपत्नींत संवाद असेल, पाळी नियमित असेल, तर ती अनेक जोडप्यांना साधते. दीर्घ आजारात मात्र या दोन्ही अटी डळमळीत होतात. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, स्टिरॉइडची औषधे, क्षयाचा ताप, रक्ताचा तीव्र अभाव यांनी पाळीचे चक्र आणि शरीराच्या खुणा विस्कळीत होतात. निरोगी जोडप्याच्या हिशोबात चूक झाली तर घरात आणखी एक पाळणा हलतो. या स्त्रीच्या हिशोबात चुकीला जागा नाही. अगर्भकाळ अनिश्चित असेल तर उरतो तो संपूर्ण संयम, वर्षानुवर्षांचा, आणि तो दोघांनी पाळला तरच संयम. एकट्या स्त्रीला तो पाळता येत नाही.

या ठिकाणी आपल्या नीतिचर्चेत एक मोठी उणीव आहे असे मला वाटते. आपण साधनांचा काथ्याकूट करतो आणि नवऱ्याला चर्चेबाहेर ठेवतो. ज्या परिपत्रकाचा निषेध-भाग प्रत्येकाला पाठ आहे, त्याच ‘ह्युमाने व्हिटे’च्या तेराव्या परिच्छेदात असे सांगितले आहे, की जोडीदाराची अवस्था आणि त्याची रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हे, त्यात नीतीचा भंग आहे. हा परिच्छेद लग्नपूर्व शिबिरांत आणि प्रवचनांत किती वेळा ऐकू येतो? ‘अवस्था’ या शब्दात धाप लागणे आले, डायलिसिसवरून घरी परतणे आले, आकडीनंतरची गुंगी आली. पिऊन आलेला नवरा रात्री हक्क सांगतो आणि सकाळी आजारी बायको धर्मगुरूंना विचारते, की मी गोळी घेतली तर पाप होईल का, तेव्हा त्या घरातले पाप नेमके कोठे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

काँगोतील अराजकाच्या काळात बलात्काराचे संकट ओढवलेल्या धर्मभगिनींनी गर्भरोधक गोळ्या घ्याव्यात काय, असा प्रश्न उभा राहिला होता. रोममधील मान्यवर नीतिपंडितांनी १९६१ मध्ये त्याला अनुकूल उत्तर दिले, आणि त्यांचा विचार साधारण असा होता: जी कृती स्त्रीने निवडलेली नाही तिच्या परिणामापासून स्वतःचे रक्षण करणे हे स्वसंरक्षण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत, झिका विषाणूची साथ चालू असताना, या प्रसंगाची आठवण करून दिली आणि गर्भधारणा टाळणे हे सर्वस्वी निरपवाद दुष्कृत्य नाही असेही सांगितले. विवाहाच्या आत नकाराचा अधिकार नसलेल्या दुखणाईत स्त्रीची स्थिती त्या भगिनींहून किती निराळी आहे? विवाहसंस्कार झालेला असल्यामुळे ती निराळी आहे, असे उत्तर मिळेल. पण त्याच संस्कारात पतीने आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन दिलेले असते. ते वचन मोडले जात असताना दुसऱ्या बाजूने सगळा नियम तिच्याच शरीरावर लागू करणे मला न्याय्य वाटत नाही.

यावर संत जियान्ना यांचे उदाहरण पुढे केले जाते, म्हणून त्याचा नीट विचार करू. जियान्ना बेरेत्ता मोल्ला या इटालियन डॉक्टर, तीन मुलांच्या आई. चौथ्या वेळी गरोदर असताना गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाशय काढणे नीतीला धरून झाले असते, कारण उपचार रोगावर होता. तरी त्यांनी फक्त गाठ काढून घेतली आणि मूल वाचविले. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली, २८ एप्रिलला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. २००४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. या त्यागापुढे नतमस्तकच व्हावे. पण त्यांची कथा गर्भ राहिल्यानंतरची आहे. उदरात एक जीव होता आणि त्याच्यासाठी त्यांनी आपला जीव पणाला लावला. ज्या स्त्रीच्या उदरात अजून कोणी नाही, तिला त्यांच्यासारखे मरण पत्करायला सांगणे म्हणजे कोणासाठी? शिवाय जियान्ना डॉक्टर होत्या. धोक्याचे मोजमाप त्यांना कळत होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. स्वेच्छेने केलेल्या त्यागाला संतत्व म्हणतात. शेजारणीवर आपण लादलेल्या त्यागाला ते नाव देता येणार नाही. मग तिच्या घरात आधीच दोन लेकरे आहेत आणि त्यांना आईची गरज आहे, हा विचारही नैतिकच आहे. तो स्वार्थ नव्हे.

गर्भपाताविषयी आपली भूमिका ठाम आहे आणि ती तशीच असावी. पण म्हणूनच या प्रश्नाचा विचार आधीच्या टप्प्यावर होणे निकडीचे आहे. ज्या हृदयाला गर्भधारणा पेलणार नाही त्या स्त्रीला गर्भ राहिला, की दहाव्या आठवड्यात डॉक्टर तिच्यापुढे जो पर्याय ठेवतात तो १९७१ च्या कायद्याने वैध केलेला आहे, आणि त्या क्षणी घरातले सर्वजण तोच घ्या म्हणतात. तेव्हा ‘थांबा’ म्हणायला आपण धावतो. चार महिने आधी ती काही विचारू पाहत होती, तेव्हा आपण विषय बदलला होता. काही साधने फलित बीज रुजू देत नाहीत, अशी शंका आपल्यांत अनेकांना असते, आणि ती प्रामाणिक आहे. तांबीचा मुख्य परिणाम शुक्रजंतूंवर, म्हणजे फलनापूर्वी होतो, असे आजचे विज्ञान सांगते. ज्याला तरीही खात्री वाटत नाही त्याने निरोधाचा किंवा पुरुषाच्या नसबंदीचा विचार करून पाहावा. ही साधनेही शिकवणीच्या नकारात येतातच. पण जीव धोक्यात असताना अधिक गंभीर आणि कमी गंभीर यांत फरक करणे हे नीतिशास्त्राचे जुने काम आहे.

मग अंतिम निर्णय कोणाचा? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात सांगितले, की किती मुले व केव्हा, हा निर्णय शेवटी पतीपत्नींनीच देवासमोर घ्यायचा आहे. त्याच दस्तऐवजात हेही आहे, की त्यांची सदसद्विवेकबुद्धी दैवी नियमाला अनुसरणारी आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीकडे कान देणारी असली पाहिजे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात. सोयीचे एक वाचून चालत नाही. १९६८ मध्येच कॅनडाच्या धर्माध्यक्षांनी म्हटले, की प्रामाणिक प्रयत्नांनंतरही ज्यांना ही शिकवण पाळणे जमत नाही, कारण त्यांच्यापुढे कर्तव्याचा खरा संघर्ष आहे, त्यांनी जो मार्ग योग्य वाटतो तो सद्भावनेने धरल्यास त्यांना दूर लोटू नये. त्या निवेदनावर पुढे पुष्कळ टीका झाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ‘अमोरिस लेतित्सिया’त धर्मगुरूंना आठवण दिली, की आपले काम लोकांची विवेकबुद्धी घडविण्याचे आहे, तिची जागा घेण्याचे नाही. माझे स्वतःचे मत असे, की दुसऱ्या खाटेवरच्या स्त्रीने आणि तिच्या पतीने शिकवण समजून घेऊन, डॉक्टरांचे ऐकून, प्रार्थनापूर्वक जर आपल्या जिवाचे व लेकरांच्या आईचे रक्षण करणारा उपाय निवडला, तर त्यांच्याकडे पापी म्हणून पाहण्याचा अधिकार कोणाला नाही. कर्तव्यांच्या अशा संघर्षाला आपली परंपरा अपरिचित नाही. हे मत न पटणारे वाचक असतील, आणि त्यांनी ते येथे जरूर मांडावे.

मार्कच्या शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री या संदर्भात मला नेहमी आठवते. दीर्घ आजार, तोही स्त्रीच्या देहाचा. अनेक वैद्यांकडे पैसा घालवून प्रकृती अधिकच बिघडलेली. आणि वर नियमाप्रमाणे अशुद्ध, म्हणजे गर्दीत येण्यासही मज्जाव. ती कोणाची परवानगी न विचारता मागून येते आणि वस्त्राला हात लावते. या प्रसंगातून संततिनियमनाला संमती काढणे हा अर्थाचा अतिरेक होईल. पण येशू थांबतो, गर्दीत तिला शोधतो, तिचे सारे ऐकून घेतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. नियमभंगाबद्दल तो अवाक्षर काढीत नाही. याइरची मुलगी मरणाच्या दारात असताना, तिच्याकडे निघालेला तो या बाईसाठी वाट मोडून थांबतो.

मतभेद राहिले तरी काही गोष्टींवर आपले एकमत व्हायला अडचण नसावी. सत्य माहिती लपविणे हे कोणत्याही नीतीत बसत नाही. आपल्या संस्थांचे दवाखाने काही साधने देत नसतील, तर तो त्यांच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण ‘तुम्हाला गर्भ राहणे धोक्याचे आहे’ हे स्पष्ट शब्दांत, नवऱ्याच्या उपस्थितीत आणि लेखी सांगणे तेथेही शक्य आहे. संयुक्त गोळी तिला घातक आहे हे सांगणे तर जीव वाचविणेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर विसंबलेल्या ०.३ टक्के. हे आकडे सर्व धर्मांचे आहेत आणि त्यांतून आपण वगळले जाऊ नये. पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आणि कमी धोक्याची, तरी आजारी हृदयाच्या स्त्रीलाच भूल देण्याचा विचार आधी होतो.

आणि सोयरीक जुळविताना लपविलेले आजार. मुलीच्या हृदयाची झडप, तिची आकडी, तिचा लहानपणीच सुरू झालेला मधुमेह, यांविषयी आपली कुटुंबे मौन पाळतात, कारण सांगणाऱ्याचे नुकसान होते हे सर्वांना ठाऊक आहे. मुलाचे आजार तर कोणी विचारीतही नाही. लग्नपूर्व शिबिरात एक तास डॉक्टरांचा असतो. त्या तासाला दोघांनी आपापले जुने आजार आणि चालू औषधे एकमेकांना सांगावीत, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी लग्नाआधीच हृदयतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांना एकत्र भेटावे, अशी प्रथा धर्मग्रामांनी घालून देता येईल. त्याला खर्च नाही. ज्या धर्मग्रामात संधिवाताच्या तापाची मुले आहेत, तेथे पेनिसिलिनच्या इंजेक्शनाची तारीख चुकू नये म्हणून घरी जाऊन आठवण करणारी एखादी सिस्टर किंवा महिला मंडळाची सदस्या असली, तर त्यांतल्या काही मुलींपुढे हा प्रश्न पंधरा वर्षांनी येणारच नाही.